पदवीची खरी किंमत: कर्ज काढण्याआधी करायचा हिशोब

(बारावीनंतरच्या प्रवेश मार्गदर्शन मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांना कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच करायचं आहे. मीही तेच केलं. ते करू नका, असं सांगायला मी आलेलो नाही. मला फक्त माझा हिशोब तुमच्यासमोर मांडायचा आहे. तो 2015 साली मी केला नव्हता.

त्या वर्षी मला कॅप राउंडमध्ये कॉम्प्युटरची जागा मिळाली नाही. एका खासगी कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला. फी, होस्टेल आणि मेस मिळून वर्षाला दोन लाख, म्हणजे चार वर्षांचे आठ लाख, तेही 11 टक्के व्याजाने. अब्बांचं शिलाईचं दुकान आहे. ते सहकर्जदार झाले. कर्ज साडेसात लाखांच्या वर गेल्यामुळे घराची कागदपत्रं बँकेत ठेवावी लागली. आम्हाला वाटलं, आठ लाखांचं कर्ज आहे, आठ लाख फेडू.

आता नीट ऐका. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच राहतं. पहिल्या वर्षीच्या दोन लाखांवर पाच वर्षं, दुसऱ्या वर्षीच्यांवर चार, मग तीन, मग दोन. हे व्याज झालं तीन लाख आठ हजार. पहिला हप्ता भरायच्या दिवशी आमचं कर्ज आठ नव्हे, अकरा लाखांच्या वर होतं. सात वर्षांच्या मुदतीने महिन्याचा हप्ता आला जवळपास एकोणीस हजार. सगळे हप्ते मिळून होतात सोळा लाख.

आणि पगार? मोठ्या आयटी कंपन्यांत नवख्या इंजिनीअरला वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास देण्याची पद्धत होती आणि हा आकडा दहा-बारा वर्षांत फारसा हललेला नाही. तोही सीटीसी. पीएफ वगैरे वजा होऊन माझ्या हातात पडायचे तेवीस हजार. पुण्यात खोलीचं भाडं आणि जेवण त्यातच. हप्त्याचा मोठा भाग अब्बाच भरत होते.

त्याच वर्षी माझी बहीण बारावी झाली. तिला बी.फार्म. करायचं होतं, मार्क चांगले होते. घरात कोणी तिला 'नको' म्हटलं नाही. 'पुढच्या वर्षी बघू' एवढंच म्हटलं. ती एक वर्ष घरी बसली. ते वर्ष माझ्या कर्जाच्या कागदावर कुठेच लिहिलेलं नाही. आज माझा पगार बरा आहे, तिचंही शिक्षण झालं, अल्हम्दुलिल्लाह. पण हप्ता अजून चालू आहे आणि तिचं ते वर्ष मला परत देता आलेलं नाही.

म्हणून माझा साधा नियम आहे. पहिल्या नोकरीत हातात येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशापेक्षा हप्ता जास्त नको. पंचवीस हजार हातात येणार असतील, तर हप्ता आठ हजार. उलटा हिशोब केला, तर याच व्याजाने आणि मुदतीने चार वर्षांत मिळून साधारण सव्वातीन लाखच कर्ज काढता येतं. त्यापेक्षा जास्त लागत असेल, तर आधी कॉलेज बदलायचा विचार करा.

पगाराचा अंदाज कसा घ्यायचा? गेटवरच्या फ्लेक्सवर सर्वांत मोठं पॅकेज असतं, ते एका मुलाचं असतं. तुम्ही मधला पगार विचारा: शंभर मुलांना नोकरी लागली, तर पन्नासाव्याला किती? एनआयआरएफमध्ये भाग घेणारी कॉलेजं हा आकडा आणि नोकरी लागलेल्यांची संख्या आपल्या वेबसाइटवर टाकतात. जिथे तो मिळत नाही, तिथे मागच्या वर्षीच्या चार मुलांना फोन करा.

आता कर्ज कमी कसं करायचं? कॅपमधून प्रवेश घ्या, कारण फीच्या सवलती त्यालाच जोडलेल्या आहेत. टीएफडब्ल्यूएसच्या जागांवर ट्यूशन फी माफ असते, पण कटऑफ खूप वर जातो. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर राजर्षी शाहू महाराज योजनेत खुल्या प्रवर्गाला निम्मी ट्यूशन फी मिळते. मुलींनो, ओबीसी किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र असेल, तर 2024 च्या शासन निर्णयानुसार तुमची पूर्ण ट्यूशन फी आणि परीक्षा फी शासन भरतं. आपल्याकडे बागवान, तांबोळी, मोमीन, पिंजारी अशा अनेक जमाती ओबीसीत आहेत. बाकीच्यांनी ईडब्ल्यूएसचा दाखला काढावा. तो निकालानंतर नाही, आत्ताच काढा. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याचा रस्ताही कमीपणाचा नाही. आणि कर्ज घ्यावंच लागलं, तर बँकेआधी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळात चौकशी करा. तिथलं शैक्षणिक कर्ज 3 टक्क्यांचं आहे.

व्याजाचा प्रश्न मी टाळणार नाही. 3 टक्के असो की 11, व्याज ते व्याजच. मजबुरीत काय चालतं, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि फतवा देणं माझं काम नाही. पण जे घर व्याज नको म्हणतं, त्याला आपण नुसती शाबासकी देऊन चालणार नाही. आपल्या जमातीत लग्नाच्या एका जेवणावर जेवढा खर्च होतो, तेवढ्यात एका मुलाची वर्षाची फी निघते. मोहल्ल्याच्या बैतुलमालमधून कर्ज-ए-हसना मिळाला पाहिजे आणि नोकरी लागल्यावर तो परतही आला पाहिजे. कुरआनमधली सर्वांत लांब आयत, सूरह बकरामधली 282 वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. निदान तेवढं तरी आज करू या.

घरी गेल्यावर एक कागद घ्या. अब्बा, अम्मी आणि धाकट्या भावंडांना सोबत बसवा. एका बाजूला एकूण खर्च, दुसऱ्या बाजूला सवलती, खाली कर्ज, हप्ता आणि मधला पगार लिहा. आणि शेवटच्या ओळीत लिहा, तुमच्यानंतर घरात कोण शिकणार आहे.