नसबंदी म्हणजे खच्चीकरण नव्हे





मी परभणी जिल्ह्यातला शेतकरी माणूस. स्वतः नसबंदी करून घेतलेला माणूस म्हणूनही इथं उभा आहे. दुसरं बाळंतपण सिझेरियननं झालं, तेव्हा बायकोच्या पोटावर आणखी एक शस्त्रक्रिया मला नको होती. माझी बिनटाक्याची शस्त्रक्रिया वीस मिनिटांत झाली, त्याच दिवशी घरी आलो. घरात मात्र सुतक पडल्यागत झालं. चुलते म्हणाले, "गोऱ्हा बडवल्यावानी केलंस की रे सोताला!"

आपल्या भागातली सगळी भीती या एका वाक्यात आहे. गोऱ्हा बडवताना वृषणाकडे जाणारी रक्ताची वाटच चेचली जाते. वृषण सुकतात, टेस्टोस्टेरॉन तयार होणं थांबतं, आणि खोंडाचा बैल होतो. नसबंदीत वृषणाला धक्काही लागत नाही. फक्त शुक्राणू वाहून नेणारी नळी बंद होते. टेस्टोस्टेरॉन त्या नळीतून जातच नाही, ते वृषणातून थेट रक्तात मिसळतं. म्हणून दाढी, आवाज, ताकद, इच्छा पूर्वीसारखीच राहते. वीर्यही येतं, कारण त्यात शुक्राणूंचा वाटा अगदी थोडा असतो. मी आठवडाभर ओझं उचललं नाही, नंतर औत धरलं. तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचं, एवढं मात्र चुकवू नये.

गंमत पाहा, शंभर वर्षांपूर्वी व्हिएन्नात श्टाइनाख नावाचे शास्त्रज्ञ सांगत होते की ही नळी बांधली की तारुण्य परत येतं. १९२३ साली सिग्मंड फ्रॉइड यांनीही ती शस्त्रक्रिया करून घेतली. तो समज खोटा ठरला, आणि आपलाही खोटाच आहे.

भीतीला इतिहासही आहे. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात साठ लाखांहून अधिक पुरुषांची नसबंदी झाली. त्यातल्या सक्तीची जखम खोल गेली आणि सगळा भार बायकांवर आला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात स्त्री नसबंदी ३७.९ टक्के, तर पुरुष नसबंदी ०.३ टक्के आहे. ज्या महाराष्ट्रात र. धों. कर्व्यांनी १९२१ पासून संततिनियमनाचं काम केलं, तिथंही भार बायकांवरच आहे.

आरोग्यसेवकांनो, सक्ती नको, उद्दिष्टाचा धाक नको. पारावर बसा, पुरुषांशी बोला, गोऱ्ह्याचा आणि माणसाचा फरक समजावून सांगा. निर्णय त्यांचा त्यांना घेऊ द्या. ज्याला माझ्याशी बोलायचं असेल, त्याला खुशाल माझ्या शेतातल्या आखाड्यावर पाठवा.