शिरोरेषा तुटू नये म्हणून

संकेतस्थळ उघडलं की आपण लगेच वाचत नाही, आधी पानावरून नजर फिरवतो. २००६ साली संकेतस्थळांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी वाचकांच्या नजरेचा माग काढला, तेव्हा ती बहुतेकदा इंग्रजी ‘एफ’ अक्षरासारखी फिरताना दिसली. म्हणून पान रचताना महत्त्वाचा मजकूर वर आणि डावीकडे.

मराठी पानाची गोष्ट थोडी निराळी. आपल्या अक्षरांच्या डोक्यावर मात्रा, रफार, अनुस्वार आणि पायाशी उकार. इंग्रजीसाठी बेतलेलं ओळींमधलं अंतर तसंच ठेवलं, तर वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफाराला भिडतो आणि डोळे शिणतात. ओळी मोकळ्या ठेवा. पण शोभेसाठी अक्षरं एकमेकांपासून दूर करू नका. शिरोरेषा तुटते, शब्दाचे तुकडे होतात; मला ही चूक सर्वांत जास्त खुपते.

रंगही जपून निवडा. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं एसटीच्या थांब्यावर, भर उन्हात दिसतच नाहीत. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५ : १ असावं, असं वेबचे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात.

पान तयार झालं, की फोन आजीच्या हाती द्या. समजा पान वीजबिलाचं असेल, तर बिल भरायचं बटण तिला सापडतं का, ते शेजारी गप्प बसून पाहा.