आधी पॅटर्न, मग साक्षगंध

(आकाशवाणीवरील भाषण)



आपल्या वर्धा जिल्ह्यात सोयरीक जुळवताना शेती किती, नोकरी पक्की की कंत्राटी, हे सगळं विचारून होतं. मग हल्ली काही घरांत आणखी एक प्रश्न हळूच पुढे येतो : "पोरीचा पॅटर्न काय आहे जी?" विदर्भातल्या श्रोत्यांना पॅटर्न म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगते. सिकलसेलची रक्ततपासणी केली की कागदावर सहसा तीनपैकी एक उत्तर येतं. एए असेल तर काळजी नाही. एएस म्हणजे वाहक आणि एसएस म्हणजे रुग्ण. वाहकाला सहसा कसलाच त्रास नसतो. तो वखर हाकतो, कापसाची गाडी भरतो, म्हातारा होतो, आणि तपासलं नाही तर त्याला कधी कळतही नाही. पण नवरा एएस आणि बायकोही एएस असेल, तर मूल एसएस होण्याची शक्यता 25 टक्के. ही शक्यता दर गर्भारपणात तेवढीच राहते. "पहिलं आजारी निघालं, आता पुढची तीन चांगली" असं लोक म्हणतात. रक्त असा हिशेब ठेवत नाही.

एसएस म्हणजे काय, हे ज्या घरात आहे त्यांनाच विचारा. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागेवरचा एक घटक बदललेला असतो. एवढ्याशा फरकाने तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि हाडं फुटावीत तशी कळ उठते. त्याला रुग्ण स्वतः 'क्रायसिस' म्हणतात. "काल रात्री क्रायसिस आला" हे दहावीतलं पोरगं तुम्हाला "काल पाऊस आला" इतक्या सहज सांगेल.

हा आजार वैद्यकाला पहिल्यांदा दिसला तो 1910 साली, शिकागोमध्ये. भारतात निलगिरीच्या आदिवासींमध्ये तो सापडल्याची नोंद 1952 ची आहे, आणि 1958 मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात मध्य भारतातल्या वाहकांबद्दल लिहिलं. तेव्हा तपासणी झाली ती प्रामुख्याने महार समाजात. ज्यांचं रक्त तपासलं त्यांचंच नाव आजाराला चिकटलं. पुढे गोंड, परधान, कोलाम यांच्यात आणि इतरही अनेक जातींत तो मिळाला, तरी "आमच्यात ते नसते" हे वाक्य अजून ऐकू येतं. मुळात जिथे पिढ्यानपिढ्या हिवताप होता तिथे हा दोष टिकला, कारण वाहकाला जीवघेण्या हिवतापापासून बरंच संरक्षण मिळतं. डासाला जात कळत नाही.

आता आजचा खरा प्रश्न. ही माहिती हातात आल्यावर तिचं करायचं काय?

लायनस पॉलिंग हे नाव आपण ऐकलं असेल. दोन नोबेल पारितोषिकं मिळवलेला माणूस. सिकलसेल हा रेणूच्या पातळीवरचा आजार आहे, हे 1949 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. याच पॉलिंगनी 1968 मध्ये सुचवलं, की वाहक तरुण-तरुणींच्या कपाळावर खूण गोंदावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमातच पडणार नाहीत! हेतू चांगला होता. पोरांचं दुखणं त्यांना खरंच बघवत नव्हतं. पण कपाळावरचं गोंदण कोणाला दाखवायचं आणि कोणापासून लपवायचं, हे ठरवण्याचा हक्क ज्याचं कपाळ त्याला उरत नाही. आपल्याकडे गोंदण नाही, सरकारी तपासणीनंतर मिळणारं कार्ड आहे. ते खिशात ठेवता येतं, आणि मला हा फरक फार मोठा वाटतो. साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, बैठकीत ते कार्ड सर्वांसमोर मागितलं गेलं, की तो फरक मिटतो. त्यातही मागितलं जातं ते आधी मुलीचं. मुलाचा पॅटर्न विचारायचं धाडस मुलीकडच्यांना होत नाही.

कोणी म्हणेल, थोडी लाज वाटली तर वाटली, आजार तर थांबेल. थांबतो का? ग्रीसमध्ये ओर्कोमेनोस नावाच्या भागात नेमका हाच प्रयोग झाला. तिथेही सिकलसेल आहे. लोकांचं रक्त तपासलं, वाहकांना समजावलं, आपसात लग्न करू नका म्हणून सांगितलं. काही वर्षांनी अभ्यासक परत गेले तर वाहक-वाहक लग्नं जेवढी योगायोगाने झाली असती तेवढीच झालेली होती. वाहक म्हणून नाव झालं की स्थळ येत नाही, हे लोकांच्या ध्यानात आलं, आणि त्यांनी निकालच लपवले. 1974 मध्ये हे छापून आलं. वर्ध्यापासून ग्रीस लांब आहे, पण वधूपित्याचं मन तिथेही तेच.

कायदा या बाबतीत काय म्हणतो? लग्नाआधीच्या पॅटर्नबद्दल जवळजवळ काहीच नाही. एचआयव्हीसाठी 2017 चा कायदा आहे. संमतीशिवाय तपासणी नको, निकाल फोडायचा नाही, भेदभाव करायचा नाही, असं त्यात स्पष्ट आहे. सिकलसेलच्या वाहकाला असं कवच नाही. अमेरिकेने 1970 च्या दशकात सिकलसेलच्या तपासण्या घाईने केल्या, तेव्हा निरोगी वाहकांनाही नोकरी आणि विमा नाकारला गेला. आनुवंशिक माहितीवरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा तिथे 2008 मध्ये आला. आपण 2023 च्या 1 जुलैला राष्ट्रीय मोहीम सुरू केली, 2047 चं लक्ष्य ठेवलं, कोट्यवधी लोकांचं रक्त तपासायला घेतलं. चांगलंच केलं. पण निकाल फोडणाऱ्याला जाब विचारणारा कायदा त्याबरोबर आला नाही. तो आधी यायला हवा होता.

गर्भारपणाच्या बाबतीत मात्र कायदा आहे, आणि लोक त्याला घाबरून आहेत. गर्भलिंग निदानावर देशात पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला. केंद्राचा 1994 चा, तो 1996 पासून लागू झाला. त्या कायद्याने मुलगा की मुलगी हे सांगणं गुन्हा ठरवलं, पण हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारांसाठी गर्भाची तपासणी करायला त्याच कायद्यात परवानगी आहे. दवाखान्याच्या भिंतीवर पाटी असते ती पहिल्या गोष्टीची. दुसरीची पाटी मी तरी कुठे पाहिली नाही. त्यात 2022 च्या जानेवारीत आर्वीला एका खासगी रुग्णालयाच्या आवारातल्या बायोगॅसच्या खड्ड्यात, बेकायदा गर्भपाताच्या तपासात, अर्भकांच्या कवट्या आणि हाडं सापडल्याची बातमी देशभर गेली. तेव्हापासून आपल्या जिल्ह्यात गर्भपात म्हटलं की लोकांना पोलिसांची गाडीच आठवते. कायदेशीर, वेळेत, सरकारी रुग्णालयात होणारी गोष्ट आणि ते प्रकरण यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, हे कोणीतरी मोठ्याने सांगायला हवं.

बरं, परवानगी आहे म्हणून प्रश्न सुटला का? अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा बारीकसा नमुना घेऊन गर्भाचा पॅटर्न कळतो. एसएस आहे एवढं कळतं. आजार किती छळेल हे कळत नाही. एकाच घरात दोघं भाऊ एसएस असतात. एक शेतात राबतो, दुसरा महिन्याआड वॉर्डात. हायड्रॉक्सियुरिया वेळेवर सुरू झालं, लहानपणी पेनिसिलिन आणि लसी मिळाल्या, तर बराच फरक पडतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आहे. म्हणजे जन्मलेल्या एसएस मुलाला राज्य हक्क देतं आणि न जन्मलेल्याबद्दल आईला निवडीची मोकळीक देतं. मला यात विसंगती दिसत नाही. आई निवड करू शकते ती दोन्ही वाटा खऱ्या असतील तरच. मूल ठेवलं तर गावाजवळ औषध मिळेल, रात्री कळ उठली तर सेवाग्रामच्या किंवा सावंगीच्या रुग्णालयात न्यायला गाडी मिळेल, याची खात्री नसेल, तर त्या मोकळिकीत नाइलाजच जास्त. नागपूरचे संपत रामटेके एका सिकलसेलग्रस्त मुलाचे वडील. त्यांनी रुग्णांची संघटना उभी केली, 2018 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. माझ्या मते, जन्मलेल्यांसाठी लढणारी अशी माणसं पोटातल्यांच्या प्रश्नावरही सर्वांत नेमकं बोलू शकतात.

पैसेवाल्यांना आणखी वाटा आहेत. 2021 च्या कायद्याने ज्ञात आनुवंशिक आजारासाठी प्रयोगशाळेतल्या भ्रूणाची तपासणी करायला मुभा दिली आहे. 2023 च्या नोव्हेंबरात ब्रिटनने जनुक कापून दुरुस्त करणाऱ्या उपचाराला जगात प्रथम मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर. समुद्रपूरच्या सोयाबीनवाल्याला हे ऐकून काय करायचं?

जन्माचा निर्णय कोणाचा, हा वाद या जिल्ह्याला नवा नाही. डिसेंबर 1935 मध्ये मार्गारेट सँगर या अमेरिकन बाई वर्ध्याला आल्या होत्या. गांधीजी तेव्हा मगनवाडीत राहत. पहिला दिवस सोमवार, मौनाचा. मग दोन दिवस दोघं संततिनियमनावर बोलत राहिले. सँगर म्हणत, बाईच्या हातात साधन द्या. गांधीजींना साधन नको होतं. बाईने नवऱ्याला नाही म्हणायला शिकावं, हा त्यांचा आग्रह. मुंबईत र. धों. कर्वे 1921 पासून नेमकं हेच साधन हातात देत होते आणि लैंगिक विषयांवरच्या लेखनासाठी पुढे खटलेही सोसत होते. मी या वादात कर्व्यांच्या बाजूची आहे. सँगरबाईंच्या विचारात मात्र एक कडू थेंब होता. कोणी जन्म द्यावा आणि कोणी देऊ नये याची यादी समाजाने करावी, हा त्या काळचा सुप्रजननवाद त्यांनाही पटत होता. बाईचा निर्णय आणि समाजाची यादी, या दोन गोष्टी तेव्हा एकाच पिशवीत घातल्या गेल्या. आपण तसं करू नये.

म्हणून मला, समाजाची यादी जिथे चालते त्या लग्नाच्या बैठकीपेक्षा, गरोदरपणाच्या नोंदणीकडे जास्त लक्ष द्यावंसं वाटतं. आशाताई बाईला घेऊन उपकेंद्रात येते, रक्त तपासलं जातं, एएस निघतं. आता नवऱ्याचं रक्त हवं. तो जिनिंगवर कामाला गेलेला असतो, नाहीतर पुण्याला. "मला काय झालं आहे?" असं विचारतो. सासू म्हणते, दोष हिचाच. आठवडे जातात. तो येतो तेव्हा पाचवा महिना सरत आलेला असतो. कायद्यात 20 आठवड्यांपर्यंत एका आणि 24 पर्यंत, ठरावीक परिस्थितीत, दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात होऊ शकतो. पण तोवर बाळ हलू लागलेलं असतं, आणि मग त्या बाईला कुठलीच निवड सोपी राहत नाही. आशाताईच्या वहीत बायकोच्या निकालासमोर नवऱ्याच्या निकालाचाही रकाना असावा, आणि तो दहाव्या आठवड्याच्या आत भरला नाही तर तिने जिनिंगच्या फाटकापर्यंत जावं. त्या फेरीचे पैसे तिला मिळावेत.