पेठ, वेस आणि स्थानक : नगरची छायाचित्रनोंद

छायाचित्रणाचा शोध 1839 साली पॅरिसमध्ये जाहीर झाला आणि पुढच्या पंधरा वर्षांतच, 1854 मध्ये, मुंबईत छायाचित्रकारांची संस्था उभी राहिली. तरीही महाराष्ट्रातील मध्यम शहरांचे साधे रस्ते कॅमेऱ्याच्या वाट्याला फार उशिरा आले. नगर, म्हणजे अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), हे याचे ठळक उदाहरण होय. अहमद निजामशहाने 1490 मध्ये वसवलेल्या या शहरातील भुईकोट किल्ला, दमडी मशीद, फराहबाग आणि चांदबिबीचा महाल म्हणून ओळखली जाणारी सलाबतखानाची कबर यांची चित्रे पुष्कळ आढळतात, कारण वास्तू ही नोंद करण्याजोगी गोष्ट आहे हे पुरातत्त्वाने आणि पर्यटनाने आधीच ठरवून ठेवले होते. कापड बाजार, आडते बाजार, डाळमंडई, मोची गल्ली यांबाबत तसे कोणी ठरवले नव्हते. रस्ता चित्रात आला तो बहुधा मिरवणुकीच्या मागे : माळीवाड्याच्या विशाल गणपतीचे विसर्जन, मोहरमच्या सवाऱ्या किंवा लग्नाची वरात. अशा चित्रांतील माणसांवरून नजर काढून पार्श्वभूमी वाचली, तर दुकानांच्या पाट्या, माडीचे लाकडी कठडे, पत्र्याची छपरे, विजेचे खांब असा बराच तपशील हाती लागतो, आणि घरोघरचे वरातीचे अल्बम हे शहराचे नकळत जमलेले दप्तर ठरते. मात्र सणाच्या दिवशी रस्ता माणसांनी आणि मांडवांनी झाकलेला असतो. एखाद्या साध्या दिवशी दुपारी तेथे काय चालत असे, हे त्यातून कळत नाही.

पॅरिसमध्ये 1860च्या दशकात जुन्या गल्ल्या पाडून रुंद रस्ते काढले जात होते, तेव्हा पाडकामापूर्वीची स्थिती टिपून ठेवण्याचे काम तेथील शहर प्रशासनाने शार्ल मारव्हिल या छायाचित्रकाराकडे सोपवले आणि त्याने चारशेहून अधिक चित्रे काढली. त्यांतील बहुतेकांत काहीच घडत नाही. ओली फरसबंदी, भिंतीवरील जाहिरात, गल्लीचे वळण, एवढेच दिसते, आणि नेमक्या याच कारणाने ती आज उपयोगी पडतात. नगरमध्येही तटबंदी गेली. माळीवाडा वेस आणि दिल्ली दरवाजा उरले. वाहनांची गर्दी वाढली की वेस अडचणीची वाटू लागते, तिच्या भवितव्यावर वाद सुरू होतात आणि मग तिची घाईघाईने चित्रे काढली जातात, तीही नेमकी समोरून. खरे तर वेशीतून आत पाहिले असता काय दिसते, तिच्या सावलीत कोण बसते, तिला लागून कोणती दुकाने आहेत, हे टिपल्याखेरीज ती शहराचा दरवाजा होती हे चित्रावरून समजणार नाही.

पेठेतील छायाचित्रणाची पहिली अडचण उजेडाची असते. अरुंद गल्लीत एक बाजू उन्हात आणि दुसरी गडद सावलीत राहते, आणि कॅमेऱ्याला एका वेळी दोन्हींचा तपशील धरणे कठीण जाते. म्हणून सकाळी एका बाजूचे आणि दुपारनंतर दुसऱ्या बाजूचे चित्र घेणे श्रेयस्कर. नगर सुमारे 19 अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो, आणि मेच्या त्या दिवसांत अगदी चिंचोळ्या बोळाच्या तळापर्यंत ऊन पोहोचते. दुसरी अडचण उंचीची. माडी दिसावी म्हणून कॅमेरा वर रोखला की भिंतीच्या उभ्या रेषा वरच्या टोकाला एकमेकींकडे झुकतात. त्यावर उपाय म्हणजे समोरच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरून, कॅमेरा समपातळीत धरून चित्र घेणे, अर्थात दुकानमालकाने जिना चढू दिला तर.

स्थानकाचा प्रश्न वेगळा आहे. नगरवरून जाणारा दौंड–मनमाड हा लोहमार्ग 1878 मध्ये सुरू झाला आणि त्याने ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेच्या आग्नेयेकडे व ईशान्येकडे जाणाऱ्या दोन शाखा जोडल्या. स्थानक जुन्या तटबंदीपासून दूर, नैऋत्येला पडल्यामुळे स्टेशन रस्ता हा पेठेपेक्षा निराळ्या जातीचा रस्ता तयार झाला, ज्यावर मुक्कामापेक्षा येजा महत्त्वाची. 2022 मध्ये सक्कर चौकाच्या बाजूने उड्डाणपूल खुला झाल्यावर तेथील आकाश आणि सावली दोन्ही बदलली. फलाटावर छायाचित्रकाराचा कस उद्भासनकाळात लागतो. प्रकाश फिल्मवर किंवा संवेदकावर जितका वेळ पडू दिला जातो, तो हा अवधी. छायाचित्रणाच्या आद्य शोधकांपैकी एक असलेल्या दागेरने 1838 मध्ये टिपलेल्या पॅरिसच्या वर्दळीच्या रस्त्यावर हा अवधी काही मिनिटांचा असल्याने चालती माणसे उमटलीच नाहीत. ठळक उरला तो एका जागी उभा राहून बूट पॉलिश करून घेणारा गृहस्थ. छायाचित्रकार रघु राय यांच्या 1995 मधील मुंबईच्या चर्चगेट स्थानकाच्या प्रसिद्ध चित्रात हीच मर्यादा हेतुपूर्वक वापरलेली दिसते : लोंढा धूसर होतो आणि वर्तमानपत्र वाचणारे स्थिर राहतात. नगरच्या फलाटावर स्थिर राहणारे कोण, याचे उत्तर बहुधा सामानात सापडते. लष्कराच्या आर्मर्ड कोअर सेंटरमुळे लोखंडी ट्रंकेवर बसलेला जवान हे येथील ओळखीचे दृश्य आहे, आणि 2022 पासून आष्टीकडे धावू लागलेल्या गाडीमुळे बीडकडच्या खेड्यांतील गाठोडी व पिशव्याही त्यात आल्या आहेत. बसलेल्या, थकलेल्या माणसाचे चित्र दुरून लांब पल्ल्याच्या भिंगाने चोरून घेण्यापेक्षा विचारून घेतलेले बरे; विचारल्यावर माणूस सावरून बसतो आणि चित्रातला सहजपणा जातो हे खरे, पण तो तोटा सोसण्याजोगा आहे. व्यावसायिक चित्रीकरणास रेल्वेची परवानगी लागते, आणि किल्ल्याचा व कॅम्पचा भाग लष्कराकडे असल्याने तेथे बंधने अधिक आहेत.

चित्रासोबत ठिकाण, दिशा, तारीख आणि वेळ लिहिलेली नसेल, तर पन्नास वर्षांनी ते केवळ एका गल्लीचे चित्र उरते. शहराचे नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झाले आणि 2025 मध्ये स्थानकाचेही नाव बदलले. त्यामुळे फलाटावरील पिवळा फलक चित्रात असेल, तर निदान ते या बदलाआधीचे की नंतरचे एवढे ठरवता येते. जुन्या चित्राची मथळापट्टी नव्या नावाने पुन्हा लिहिण्याचा मोह मात्र टाळावा : घेतेवेळचे नाव तसेच ठेवून नवे नाव त्याखाली वेगळ्या ओळीत, नोंद करणाऱ्याच्या सहीसह आणि तारखेसह द्यावे.