दुष्काळी मदत आणि आपला बाजार



३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्य शासनाने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यांत आपले शिरूर व दौंडही होते. केंद्राने महाराष्ट्रास ४,७१४ कोटी रुपये मंजूर केले, ते जानेवारी २०१९ च्या अखेरीस. जिरायत पिकास तेव्हा मदत होती हेक्टरी ६,८०० रुपये, तीही दोन हेक्टरांपर्यंतच. मधल्या तीन महिन्यांत बाजार कोणासाठी थांबतो? दुष्काळात कडबा महागतो, जनावरे मातीमोलाने जातात. मागाहून आलेली मदत दुकानदाराच्या उधारीतच जिरते; विकलेली बैलजोडी काही परत येत नाही. अनुदानाचा हक्क आपण सोडू नये. परंतु ते हाती पडेपर्यंत बांधवांना तगवून धरणे हे ज्ञातीचे कर्तव्य होय. सुगीत कडबा स्वस्त असतो. तेव्हाच मंडळाने तो साठवावा, एवढीच नम्र विनंती.