कृष्णेचें पाणी पूर्वेस कां जातें?



क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळांत कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पांच नद्यांचे उगम एकत्र मानले आहेत. श्रद्धेची गोष्ट क्षणभर बाजूस ठेवून नुसत्या भूगोलाच्या दृष्टीनें पाहिलें, तरी ही जागा विलक्षणच म्हटली पाहिजे. येथून पश्चिमेस उतरणारी सावित्री महाडवरून शंभर-एक किलोमीटरांत अरबी समुद्रास मिळते. कृष्णेलाहि तो समुद्र सरळ रेषेनें पासष्ट किलोमीटरांच्या आसपासच. पण ती त्याच्याकडे पाठ फिरविते आणि वाई, सांगली करीत, सुमारें १,४०० किलोमीटरांची वाट चालून आंध्र प्रदेशांत बंगालच्या उपसागरास मिळते. असें कां व्हावें? या एका प्रश्नाच्या उत्तरांत भूगोलाचीं बरींचशीं मूलतत्त्वें येऊन जातात.

आपला काळा पत्थर, ज्यास शास्त्रांत बेसाल्ट म्हणतात, तो सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं जमिनीच्या लांबच लांब भेगांतून शिलारसाच्या रूपानें वर आला. शंकूसारखा डोंगर आग ओकीत आहे, असें चित्र येथें मनांत आणूं नये. दूध उतूं जावें, तसा हा रस पसरला. एक थर निवावा, पुष्कळ काळ लोटावा आणि वर दुसरा थर यावा, असें वारंवार घडलें. घाट चढतांना काळ्या खडकाच्या दोन थरांमध्यें कोठें कोठें तांबड्या मातीचा पट्टा दिसतो, तो अशा विसाव्याच्या काळांतला. तेवढ्या अवधींत ऊन-पावसानें खालच्या थराचा माथा कुजवून त्याची माती केली होती. हा खडक आजहि सुमारें ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापून आहे. त्याची पश्चिमेची कड पुढें उचलली गेली आणि एका बाजूनें उचललेल्या पाटाप्रमाणें सारें पठार पूर्वेकडे कललें. पाणी समुद्र किती जवळ आहे हें पाहत नाहीं, उतार कोणीकडे आहे एवढेंच पाहतें! म्हणून कृष्णा पूर्वेस गेली, आणि गोदावरी व भीमाहि तिच्याप्रमाणेंच पूर्ववाहिनी झाल्या. उलट कोंकणांतल्या नद्या आंखूड, पण तीव्र उताराच्या. त्या सह्याद्रीचा कडा पोखरून त्याला हळूहळू पूर्वेकडे सरकवीत आहेत.

ज्या कड्यानें नदीची दिशा ठरविली, तोच पावसाचीहि वांटणी करतो. जूनमध्यें समुद्रावरून आलेला ओलसर वारा सह्याद्रीस अडून वर चढतो. वर हवेचा दाब कमी, म्हणून तो प्रसरण पावतो. प्रसरण पावला कीं निवतो. आणि निवालेल्या हवेच्या अंगीं तितकी वाफ धरून ठेवण्याचें सामर्थ्य उरत नाहीं. महाबळेश्वरास वर्षाकाठीं ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो तो यामुळें. माथा ओलांडून तोच वारा खालीं उतरूं लागला कीं उलट तापतो आणि कोरडा होतो. महाबळेश्वराहून तीस-बत्तीस किलोमीटरांवरच्या वाईस १,००० मिलिमीटरहि पाऊस पडत नाहीं, आणि आणखी पूर्वेस माणदेशांत तो ५०० च्या आसपास येऊन ठेपतो. यालाच पर्जन्यछाया म्हणतात. नांव मोठें गोड आहे. त्या छायेंत राहणाऱ्यास मात्र तिचा गोडवा कधीं जाणवला नसेल.

तरीहि त्या प्रदेशांत शाळू पिकतो. पावसाच्या थेंबांत हवेंतील कार्बन डायॉक्साइड वायु विरघळून सौम्य आम्ल तयार होतें. तें आम्ल बेसाल्टला युगानुयुगें झिजवितें आणि त्यांतून आपली काळी, चिकण माती निपजते. ही माती ओल धरून ठेवते. पाऊस सरल्यावर पेरलेलें रब्बीचें पीक त्या ओलीवर तगतें. या झिजेंत हवेंतील कर्बाचा कांहीं अंश नद्यांच्या पाण्याबरोबर समुद्रास जातो आणि तेथें कालांतरानें चुनखडीच्या रूपानें गाडला जातो. याप्रमाणें आपल्या शेताची माती घडतां घडतां हवेचीहि घडण बदलत असते.

या व्यवस्थेंत विसाव्या शतकांत माणसानें हात घातला. कोयना ही वास्तविक कऱ्हाडास कृष्णेला मिळणारी, म्हणजे पूर्वेस जाणारी नदी. तिच्यावर धरण बांधून पाणी बोगद्यांतून पोफळीच्या बाजूस सोडलें, आणि वीज निर्माण करून तें वाशिष्ठींतून अरबी समुद्रास जाऊं लागलें. शहरांत दिवे लागले, कारखाने चालले, ही सोय लहान नव्हे. परंतु सह्याद्रीच्या पूर्वेस पाण्याची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यास हा हिशेब सहज पटावा, अशी अपेक्षा आपण करूं नये.

खडकानेंहि आपला हिशेब मांडला. १९६२ च्या सुमारास जलाशयांत पाणी सांठूं लागल्यावर त्या भागांत लहान धक्के जाणवूं लागले, आणि ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहांटे मोठा भूकंप होऊन दीडशेंहून अधिक माणसें मृत्यु पावलीं. भूगर्भांतला ताण पूर्वींचाच होता; सांठलेल्या पाण्याचा भार आणि भेगांतून खोलवर पोंचलेला पाण्याचा दाब यांनीं तो मोकळा होण्यास वाट दिली, असें बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. पुढें शास्त्रज्ञांनीं तेथें तीन किलोमीटर खोल विवर खणलें, तेव्हां सुमारें एक किलोमीटरनंतर काळा पत्थर संपून खालीं ग्रॅनाइट लागला. दर पावसाळ्यांत धरण भरतें, आणि त्यानंतरच्या महिन्यांत बारीक धक्क्यांची संख्या वाढते, असें तेथील यंत्रांच्या अनेक वर्षांच्या नोंदींत दिसून आलें आहे.