टोकियोहून सेंदाईला

(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



परदेशी शिकायला जाण्याचा विचार करणारी मुले हल्ली आपल्याकडेही दिसू लागली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांच्याशी बोलताना एक अनुभव नेहमी येतो. कोणता विषय, कोणते शिक्षक हे प्रश्न मागाहून येतात. आधी येते ते शहराचे नाव. ते नाव लहान असले की पालकांचा चेहरा उतरतो. "तिथे आपली माणसे आहेत का?" असे विचारतात. हा प्रश्न अगदीच गैर आहे असे मी म्हणणार नाही. पण आज मी एका अशा विद्यार्थ्याची हकीकत सांगणार आहे, ज्याने आपली माणसे फार झाली म्हणून मोठे शहर सोडले.

या विद्यार्थ्याचे नाव झोउ शुरेन. पुढे लू शुन या टोपणनावाने तो आधुनिक चिनी साहित्याचा अग्रणी ठरला. १८८१ साली शाओशिंग येथे त्याचा जन्म झाला. वडील दीर्घ आजारात वैद्यांच्या महागड्या आणि विचित्र औषधांवर पैसा खर्च होत होत १८९६ साली वारले. आपण नवे वैद्यक शिकावे ही इच्छा मुलाच्या मनात तेव्हापासूनची. १९०२ साली सरकारी शिष्यवृत्तीवर तो जपानला, टोकियोला गेला.

त्या काळी टोकियोत चिनी विद्यार्थी हजारोंनी होते. उएनोच्या बागेत चेरी फुलली की त्यांचे थवे तेथे फिरत. डोक्यावर गुंडाळलेल्या लांब वेण्यांमुळे टोप्या डोंगरासारख्या उंच झालेल्या. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहवजा कार्यालयात संध्याकाळी नाच शिकण्याचे वर्ग चालत आणि जमीन दणदणत राही. हे सारे लू शुनने १९२६ साली लिहिलेल्या 'फुजिनो सर' या आठवणींत सांगितले आहे. अशा गर्दीत जपानी भाषा कितीशी येणार आणि जपानी माणूस कितीसा कळणार? सप्टेंबर १९०४ मध्ये तो सुमारे साडेतीनशे किलोमीटर उत्तरेकडील सेंदाई गावच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाला. त्या विद्यालयात चिनी विद्यार्थी तो एकटाच.

एकटाच असल्यामुळे त्याचे कौतुक झाले. फी माफ झाली, राहण्याजेवणाची काळजी शिक्षकांनी वाहिली. पण ही काळजी कधी कधी जाचक होते! पहिली खोली तुरुंगाशेजारी होती आणि तेथील खानावळवाला कैद्यांचेही जेवण पुरवी. जेवण चांगले होते. तरी एका सद्गृहस्थांना हे शोभत नाही असे वाटले आणि त्यांनी आग्रहाने बिऱ्हाड हलवायला लावले. नव्या जागी रोज अळूच्या देठांचे सार. कोकणात अळूला कोणी नावे ठेवणार नाही, पण रोज म्हणजे रोज!

आता मुख्य गोष्ट. शरीररचना शिकवणारे फुजिनो गेन्कुरो हे अवघे तीस वर्षांचे होते. कपड्यांकडे लक्ष नाही, कोट इतका जुना की एकदा आगगाडीत त्यांच्याकडे खिसेकापू म्हणून पाहिले गेले, अशी विद्यार्थ्यांत चर्चा. त्यांनी या परदेशी विद्यार्थ्याला बोलावून विचारले, माझी व्याख्याने उतरवून घेता येतात का? वही मागून घेतली. दोन-तीन दिवसांनी ती परत आली तेव्हा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत लाल शाईने दुरुस्त केलेली होती. सुटलेला मजकूर भरलेला होता, व्याकरणाच्या चुकाही सुधारलेल्या होत्या. हाडे, रक्तवाहिन्या, मज्जातंतू हे सर्व शिकवून संपेपर्यंत हा क्रम चालला. एकदा विद्यार्थ्याने हातातील एका रक्तवाहिनीची रेघ जरा सरकवून आकृती सुबक केली होती. सरांनी समजावले की आकृती सुंदर दिसते खरी, पण रक्तवाहिनी जिथे आहे तिथेच काढली पाहिजे.

टोकियोत, हजारोंच्या त्या मेळ्यात, असा शिक्षक मिळाला असता का? मला शंका आहे.

परंतु लहान गावाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पहिल्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा तो १४२ विद्यार्थ्यांत ६८वा आला. लगेच वर्गात कुजबुज सुरू झाली की फुजिनोंनी वहीत खुणा करून प्रश्न आधीच फोडले. निनावी पत्रही आले. चिनी माणसाला स्वतःच्या बुद्धीने इतके गुण कसे मिळतील, हा त्यामागचा विचार. गंमत अशी की पुढे उजेडात आलेल्या गुणपत्रिकेत सरासरी ६५.५ असून फुजिनोंच्याच शरीररचनेत त्याला ५९.३, म्हणजे नापासाचे गुण आहेत! मोठ्या शहरात अशा वेळी चार देशबांधव पाठीशी उभे राहतात. येथे कोणी नव्हते. काही जपानी मित्रांनी मात्र त्याची बाजू घेतली, हेही नमूद केले पाहिजे.

दुसऱ्या वर्षी जंतुशास्त्राच्या तासाला चित्रे पडद्यावर दाखवीत. वेळ उरला की रशिया-जपान युद्धाची दृश्ये दाखवत. रशियाचा हेर म्हणून एका चिनी माणसाला ठार मारताहेत आणि भोवती चिनी लोकच बघे म्हणून उभे आहेत, असे एक चित्र आले. वर्गाने जयघोष केला. देहाच्या आधी मनावर उपचार हवेत असे त्या एकट्या विद्यार्थ्याला वाटले, असे त्याने स्वतः लिहिले आहे. मार्च १९०६ मध्ये त्याने सेंदाई सोडले. आणि तो गेला कुठे? परत टोकियोला! साहित्याचे काम करायचे तर नियतकालिके, छापखाने, समविचारी मित्र तेथेच होते. म्हणून लहान गाव नेहमीच चांगले, असे कोणी माझ्या नावावर सांगू नये.

निघताना फुजिनोंनी आपले छायाचित्र दिले, मागे विरहाचे दोन शब्द लिहून. ते पुढे बीजिंगच्या घरी लू शुनच्या टेबलासमोर भिंतीवर होते. दुरुस्त केलेल्या वह्या हरवल्या असे तो समजत होता. त्याच्या मृत्यूनंतर, १९५१ साली, त्या शाओशिंगला सापडल्या. आज बीजिंगच्या संग्रहालयात आहेत.

फुजिनोंची नोकरी १९१५ साली गेली. ते फुकुई प्रांतातील आपल्या गावी परतून वैद्यकी करू लागले. १९३६ साली लू शुन वारला, त्यानंतर त्यांनी त्याच्यावर एक छोटा लेख लिहिला. लहानपणी आपण चिनी विद्या शिकलो, त्यामुळे त्या देशाच्या माणसांविषयी आदर होता, एवढेच कारण त्यांनी दिले. छायाचित्र भिंतीवर लावले होते हे ऐकून आनंद वाटतो, असे ते म्हणतात. मात्र ते आपण केव्हा आणि कसे दिले, हे त्यांना आठवत नव्हते.